पीटरचं डोकं, फाल्कोनेचं हसू

दिदेरोनं १७६७च्या सलाँवर लिहिताना एक किस्सा सांगितला आहे. त्याचा मित्र, शिल्पकार एतियेन-मोरिस फाल्कोने, यानं दिदेरोचा एक अर्धपुतळा केला होता. फाल्कोनेच्या कार्यशाळेत शिकणाऱ्या एका मुलीनंही दिदेरोचा अर्धपुतळा केला. तो पाहिल्यावर फाल्कोनेनं हातोडा उचलला आणि स्वतःचं काम फोडून टाकलं. दिदेरो पुढे असंही सांगतो, की तुकडे पडत गेले तसे आतून दोन सुरेख कान शाबूत बाहेर आले. मादाम जोफ्रँच्या आग्रहावरून मागाहून एक विग त्या पुतळ्याच्या डोक्यावर चढवण्यात आला होता, त्याच्याखाली ते दडले होते.

या किश्शातला हातोडा सगळ्यांना आठवतो. मला ते कान जास्त महत्त्वाचे वाटतात. फाल्कोनेला दिदेरोचे कान दिसले होते, त्यानं ते नीट घडवलेही होते. मग एका प्रतिष्ठित बाईंच्या शब्दाखातर त्यानं ते झाकले. मुलीनं केलेल्या पुतळ्यात विग नाही. दिदेरो आपल्या चित्रांबद्दल फार चिकित्सक होता. त्याच सलाँवरच्या लेखनात त्यानं व्हान लोनं काढलेल्या आपल्या चित्राची टर उडवली आहे. त्यात आपण लाडिक हसणाऱ्या म्हाताऱ्या बाईसारखे दिसतो, अशी त्याची तक्रार होती. अशा माणसानं एका शिकाऊ मुलीचं काम वरचढ ठरल्याची गोष्ट जाहीरपणे सांगावी, याला वजन आहे.

त्या मुलीचं नाव मारी-आन कोलो. जन्म १७४८, पॅरिस. पंधराव्या वर्षाच्या आसपास ती लमोआन या शिल्पकाराच्या कार्यशाळेत आली आणि तिथून फाल्कोनेकडे गेली. फाल्कोनेही लमोआनचाच शिष्य. लमोआनच्या परंपरेत चेहऱ्याला मोठा मान होता: समोरचा माणूस बोलता बोलता थांबला आहे, आता पुढचं वाक्य येईल, असं वाटायला लावणारे अर्धपुतळे. कोलोनं नेमकं हेच उचललं. फाल्कोनेकडून तिनं संगमरवर कसा हाताळायचा ते घेतलं असेल, पण माणसाकडे बघण्याची तिची पद्धत मला लमोआनच्या घराण्याची वाटते. फाल्कोनेचा स्वतःचा पिंड व्यक्तिशिल्पाचा नव्हता. त्याला पौराणिक आकृती, अप्सरा, मोठी रचना यांत रस होता. सेव्ह्रच्या चिनीमातीच्या कारखान्यात शिल्पविभागाचा प्रमुख म्हणून त्यानं अनेक वर्षं काढली होती. चेहरा हे त्याचं दुखणं होतं आणि हे दुखणं पुढे रशियात उघड झालं.

१७६६मध्ये दिदेरोच्या शिफारशीवरून रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिनं पहिल्या पीटरचं स्मारक करण्यासाठी फाल्कोनेला सेंट पीटर्सबर्गला बोलावलं. त्याच्याबरोबर कोलोही गेली. तो पन्नाशीचा, ती अठराची. लोक काय बोलले असतील ते बोलले. त्यात मला रस नाही. मला रस आहे तो या प्रवासानं तिच्या कामाचं काय केलं यात.

पॅरिसमध्ये तिच्यापुढे काय होतं? सलाँ म्हणजे राजेशाही अकादमीचं प्रदर्शन, आणि तिथे काम मांडायचं तर अकादमीचं सदस्य असावं लागे. अकादमी बायकांना घ्यायची ती अगदी मोजून. १७७०मध्ये तर चारांहून अधिक नकोत असंच ठरवून टाकलं गेलं. कोलो तिथे कधीच सदस्य झाली नाही. पीटर्सबर्गच्या कला अकादमीनं मात्र १७६७मध्ये, म्हणजे ती पोहोचल्यावर काही महिन्यांतच, तिला सदस्य करून घेतलं. याचं श्रेय रशियाच्या उदारपणाला देऊन टाकणं सोपं आहे. मला कारण जास्त व्यवहारी दिसतं. कॅथरिनला युरोपच्या पंक्तीत बसायचं होतं, आणि त्यासाठी चेहरे हवे होते: तिचा स्वतःचा, दरबाऱ्यांचा, तिनं ज्यांच्याशी पत्रव्यवहार चालवला होता त्या फ्रेंच विचारवंतांचा. फाल्कोने घोड्यात आणि दगडात गुंतलेला. मग चेहरे करणार कोण? कोलो. परदेशानं तिला कामाचा असा ओघ दिला, जो पॅरिसमध्ये तिच्या वाट्याला आला असता असं मला वाटत नाही. त्याच परदेशानं तिला फ्रेंच कलेतिहासाच्या नजरेआडही ठेवलं, कारण तिची महत्त्वाची संगमरवरी कामं हर्मिटाजमध्ये राहिली. ज्या माणसांनी अठराव्या शतकातल्या फ्रेंच शिल्पाचा इतिहास पॅरिसमध्ये बसून लिहिला, त्यांच्या रोजच्या रस्त्यावर ती नव्हती.

आता पीटरचं डोकं. कोलोचं नाव आज कुणाला माहीत असेल तर ते यामुळे. सेनेट चौकातला तो घोडेस्वार: लाटेसारखा वर चढणारा खडक, त्याच्या कड्यावर मागच्या पायांवर उभा घोडा, घोड्याच्या टापांखाली साप, आणि हात पुढे पसरलेला पीटर. खडक शहराबाहेरच्या दलदलीतून ओढून आणला होता. मुळात त्याचं वजन सुमारे १,५०० टन भरलं होतं. साप गोर्देयेव या रशियन शिल्पकारानं केला. आणि डोकं कोलोनं.

गोष्ट अशी सांगितली जाते. फाल्कोनेनं पीटरच्या डोक्याचे नमुने पुन्हा पुन्हा केले आणि कॅथरिननं ते पुन्हा पुन्हा नापसंत केले. शेवटी कोलोनं एका रात्रीत डोकं घडवलं आणि सम्राज्ञी खूश झाली. यातली ‘एक रात्र’ हा दंतकथेचा भाग. अशी रात्र प्रत्येक भाषेतल्या कारागिराच्या गोष्टीत असते. आपल्याकडची कितीतरी देवळंसुद्धा एका रात्रीत उभी राहिली आहेत. ‘एका रात्रीत’ म्हटलं की कौशल्याचा प्रश्नच मिटतो. काम चमत्कार ठरतं आणि चमत्कार करणाऱ्याला अभ्यास लागत नाही. कोलोच्या बाबतीत ही स्तुती तिचं काहीतरी काढून घेते. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ती चेहरेच करत होती. पीटर १७२५मध्ये वारला, तिच्या जन्माच्या तेवीस वर्षं आधी. पण रास्त्रेली या इटालियन शिल्पकारानं पीटरच्या हयातीत त्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता आणि मृत्यूनंतरही घेतला होता. असा साचा समोर ठेवून जिवंत माणूस उभा करणं हे रात्रीचं काम नाही. साच्यात हाडं बरोबर असतात, पण डोळे मिटलेले असतात आणि स्नायू सैल पडलेले किंवा प्लास्टरच्या वजनानं दबलेले. डोळे शिल्पकारालाच उघडावे लागतात.

आणि कोलोनं ते डोळे कसे उघडले आहेत, तिथेच या डोक्याचं मर्म आहे. ते मोठे आहेत, जवळजवळ अति मोठे. भुवया वर खेचलेल्या, गाल भरीव, मिशी, डोक्यावर पर्णमुकुट. जवळून घेतलेल्या छायाचित्रांत हा चेहरा थोडा भडक वाटतो, रंगमंचावरच्या नटाचा असावा तसा. पण तो जवळून बघण्यासाठी नाहीच. बघणारा खाली, चौकात उभा आहे. त्याच्या आणि त्या चेहऱ्याच्या मध्ये खडक आहे, घोड्याची छाती आहे, पसरलेला हात आहे. तिथून बारीक भाव दिसत नाहीत, फक्त दिशा दिसते. कोलोनं भाव कमी केला आणि दिशा ठेवली. घोडा उसळतोय, साप वळवळतोय, झगा उडतोय, आणि चेहरा मात्र या कशातच सामील नाही. घोड्यावर बसलेला माणूस घोड्याकडे लक्षच देत नाही. त्या शिल्पाची सगळी जरब या विसंगतीतून येते. फाल्कोनेच्या हातून डोकं जमलं नाही त्याचं कारण, माझ्या मते, तो डोकं घोड्याच्या गतीतच कल्पत असावा. कोलोनं ते अर्धपुतळ्यासारखं कल्पलं: स्थिर, स्वतःपुरतं पूर्ण. तिच्या आयुष्यभराच्या सवयीनं एका भव्य रचनेला तिचा केंद्रबिंदू दिला.

पुश्किननं १८३३मध्ये ‘ब्राँझचा घोडेस्वार’ लिहिलं तेव्हा त्यातला सर्वांत भयंकर क्षण त्यानं घोड्याला दिलेला नाही. पुरात सर्वस्व गमावलेला येवगेनी पुतळ्याला धमकावतो आणि त्याला वाटतं, की त्या राजाचा चेहरा रागानं पेटून हळूच आपल्याकडे वळला. टापांचा पाठलाग नंतर येतो. आधी चेहरा वळतो. इतका वेळ कुणाकडेही न बघणारा चेहरा एका क्षुल्लक कारकुनाकडे बघू लागतो, हीच ती भीती. आणि ती शक्य होते कारण शिल्पातला चेहरा खरोखरच कुणाकडे बघत नाही. रशियन साहित्याच्या अभ्यासकांनी या कवितेवर ढिगांनी लिहिलं आहे. हा चेहरा एका फ्रेंच तरुणीच्या हातचा, ही गोष्ट त्या चर्चेत आली तर तळटीप म्हणून येते.

इथे एक मोह टाळायला हवा: फाल्कोनेनं कोलोचं श्रेय लाटलं असं म्हणण्याचा. आज अशा गोष्टींना तयार साचा आहे आणि मारी-आन कोलो त्यात बसवणं अवघड नाही. पण पुरावा तसं म्हणू देत नाही. डोकं कोलोचं आहे हे फाल्कोनेनं स्वतःच लिहून, छापून ठेवलं. कॅथरिननं तिला आजन्म तनखा दिला. एवढं खरं, की ब्राँझवर मात्र पीटरच्या झग्याच्या घडीत लेख आहे तो फाल्कोनेच्या नावाचा, पॅरिसच्या माणसानं घडवलं आणि ओतलं अशा अर्थाचा. खडकावरच्या मजकुरात पहिला पीटर, दुसरी कॅथरिन आणि १७८२ हे वर्ष, एवढंच. म्हणजे कागदावर ती आहे आणि धातूवर नाही. १७७५च्या पहिल्या ओतकामात अपघात झाला. खाइलोव नावाच्या ओतारीनं जिवावर उदार होऊन काम वाचवलं, तरी वरचा भाग बिघडला आणि १७७७मध्ये तो पुन्हा ओतावा लागला. १७८२मध्ये अनावरण झालं तेव्हा फाल्कोने आणि कोलो दोघंही पीटर्सबर्गमध्ये नव्हते. सम्राज्ञीशी खटके उडून तो १७७८मध्येच रशिया सोडून गेला होता. लाटणारा शोधायचाच असेल तर तो पुढे सापडतो, किस्से सांगणाऱ्यांमध्ये. त्यांना कोलो हवी होती ती फाल्कोनेच्या गोष्टीतली एक रात्र म्हणून.

म्हणूनच मला तिची बाकीची कामं घोडेस्वाराच्या बाजूला नेऊन ठेवावीशी वाटतात. हर्मिटाजमधल्या तिच्या संगमरवरी अर्धपुतळ्यांत दिदेरो आहे (१७७२), फाल्कोने आहे (१७७३), आणि व्होल्तेर, दालाँबेर, चौथा आँरी, त्याचा मंत्री स्युली हेही आहेत. शेवटचे दोघं तिच्या जन्माआधी शंभरहून अधिक वर्षं मेलेले. व्होल्तेर आणि दालाँबेर जिवंत, पण दूर. त्यांना समोर बसवून हे पुतळे झालेले नाहीत. हे चारही पुतळे मला सफाईदार आणि थंड वाटतात. व्होल्तेरचं हसू आहे, पण ते आधीच प्रसिद्ध असलेलं हसू आहे. कोलोनं ते शोधलेलं नाही, मागवलेलं आहे.

याची चाचणी घ्यायला इतिहासानं एक सोय करून ठेवली आहे. जाँ-आंत्वान ऊदों, त्या काळातला फ्रेंच व्यक्तिशिल्पाचा सर्वश्रेष्ठ माणूस, यानं १७७३मध्ये कॅथरिनचा अर्धपुतळा केला, तिला न पाहता. पुढे १७७८मध्ये व्होल्तेर मरण्यापूर्वी काही आठवडे ऊदोंसमोर बसला, आणि त्यातून तो बसलेला, खुर्चीचे हात धरून पुढे झुकलेला म्हातारा तयार झाला. त्याची एक आवृत्ती कॅथरिनसाठी झाली आणि तीही हर्मिटाजमध्येच आहे. म्हणजे कोलोनं कॅथरिनला पाहिलं आणि व्होल्तेरला नाही. ऊदोंनं व्होल्तेरला पाहिलं आणि कॅथरिनला नाही. ऊदोंची कॅथरिन भव्य आहे आणि अगदी पोकळ: हार, पट्टा, मुकुट, आणि मध्ये राणीचं पद. त्याचा व्होल्तेर मात्र जगातल्या मोठ्या शिल्पांपैकी एक. प्रतिभेचं माप बाजूला ठेवा. समोर माणूस नसला की ऊदोंसुद्धा शोभिवंत वस्तू बनवतो. कोलोला या एका कसोटीवर कमी लेखायचं कारण नाही. पण तिच्या न पाहिलेल्या माणसांच्या पुतळ्यांवरून तिची किंमतही करू नये. पीटर हा तिचा एकमेव अपवाद, आणि तो जमला कारण तिथे माणूस नकोच होता. हवी होती ती नजर.

मग पाहिलेली माणसं. दिदेरोचा संगमरवरी पुतळा झाला तेव्हा दिदेरो पॅरिसमध्ये होता. तो पीटर्सबर्गला आला १७७३च्या ऑक्टोबरात. (आणि आल्या आल्या रुसला, कारण ज्या फाल्कोनेकडे उतरायचं ठरलं होतं, त्याच्या घरी मुलगा येऊन राहिल्यानं खोली रिकामी नव्हती.) पण मुळात मातीत तिनं त्याला समोर बसवून पाहिलेलं होतं, आणि ते पाहणं दगडातही टिकलं.

माझ्या मते तिचं सर्वांत चांगलं काम म्हणजे फाल्कोनेचा अर्धपुतळा. विग नाही. कपाळ वरपर्यंत उघडं. नाक बसकं. आणि ओठांवर एक हसू, ज्याला नेमकं नाव देणं कठीण जातं. उपरोध म्हणावं तर त्यात थोडी लाज आहे, समाधान म्हणावं तर त्यात भांडण आहे. फाल्कोनेचं लिखाण वाचलेल्याला हा माणूस लगेच ओळखू येईल. रोममधला मार्कुस औरेलियुसचा घोडा, ज्यापुढे सारा युरोप नतमस्तक होता, तो घोडा म्हणून वाईट आहे असं इटलीला कधीही न गेलेल्या फाल्कोनेनं पुस्तक लिहून सांगितलं. भावी पिढ्यांच्या कौतुकासाठी कलावंत काम करतो का, यावर दिदेरोशी त्यानं पत्रांतून दीर्घ वाद घातला. त्याचं म्हणणं, मला पुढच्या पिढ्यांची पर्वा नाही. वाकडा, हुशार, मानी, आतून दुखावलेला माणूस. कोलोच्या पुतळ्यात हे सगळं आहे, पण एका वेगळ्या प्रकाशात. हा चेहरा त्याच्या वाचकांना दिसणारा नाही. रोज सकाळी कार्यशाळेत येऊन ‘हे असं नाही, पुन्हा कर’ म्हणणाऱ्या आणि म्हणताना हसू लपवू न शकणाऱ्या गुरूचा हा चेहरा आहे. ज्याला आपला वापर होतोय असं वाटलं, असा विद्यार्थी असं शिल्प करणार नाही. आणि केवळ भक्ती असलेला विद्यार्थीही करणार नाही. भक्तानं ते नाक जरा तरी उचललं असतं. आपल्या गुरूकडे इतक्या प्रेमानं आणि इतक्या निर्लेपपणे एकाच वेळी पाहता येणं, हीच कोलोची ताकद. संगमरवरातल्या सफाईबद्दल ऊदों तिच्या पुढे आहे. डोळ्याच्या बाहुलीत दगडाचा एक ठिपका ठेवून नजरेत चमक आणण्याची त्याची युक्ती तिच्याकडे नाही. पण ऊदोंच्या कामात मला असा एकही चेहरा आठवत नाही, ज्याला शिल्पकार इतका जवळून, इतकी वर्षं ओळखत होता असं वाटावं.

तिच्या मर्यादा होत्या. मोठी रचना तिनं केली नाही; उभी आकृती, समूह, कपड्यांच्या घड्यांचा खेळ, हे तिच्या वाट्याला आलं नाही किंवा तिनं घेतलं नाही. ती चेहऱ्याची माणूस होती. शिल्पाच्या इतिहासात चेहऱ्याला दुय्यम मानायची खोड आहे, कारण चेहरा मागणीवरून होतो, पैशासाठी होतो, आणि बसणाऱ्याला खूश ठेवावं लागतं. मात्र त्याच मागणीच्या चौकटीत तिनं विग काढून ठेवला, आणि तो पुतळा बसणाऱ्यालाच आवडला.

पुढचं थोडक्यात. १७७७मध्ये तिनं फाल्कोनेच्या मुलाशी, चित्रकार प्येर-एतियेनशी लग्न केलं. मुलगी झाली. संसार टिकला नाही. मुलीला घेऊन ती नवऱ्यापासून वेगळी झाली आणि सासऱ्याजवळ, म्हणजे आपल्या गुरूजवळ, राहिली. हेगमध्ये १७८२च्या सुमारास तिनं ऑरेंजच्या पाचव्या विल्यमचे आणि त्याच्या पत्नीचे अर्धपुतळे केले; तिच्या शेवटच्या कामांपैकी हे. १७८३मध्ये फाल्कोने अखेर इटलीला निघाला होता. जायच्या तोंडावर त्याला अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर १७९१पर्यंत, आठ वर्षं, कोलोनं त्याची शुश्रूषा केली आणि शिल्प थांबलं. ते पुन्हा सुरू झालं नाही. फाल्कोनेच्या मृत्यूनंतर ती लॉरेनमध्ये गेली आणि १८२१पर्यंत जगली. काम केलं सोळा-सतरा वर्षं, आणि न करता काढली त्याच्या दुप्पटीहून जास्त.

त्या आठ वर्षांत ती रोज फाल्कोनेचा चेहरा पाहत होती, लुळा पडलेला. त्याचा पुतळा तिनं केला नाही. जो केला होता त्याची एक प्लास्टरची आवृत्ती तिच्या मुलीमार्फत नान्सीच्या संग्रहालयात आली. संगमरवरी हसू पीटर्सबर्गमध्ये आहे, घोडेस्वारापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर.